नळाखालची परीक्षा

रत्नागिरीतून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या रस्त्याला लागलं की गोळप-रनपारच्या किनाऱ्यावर फिनोलेक्सचा कारखाना आहे. १९९४ पासून तिथे पीव्हीसी रेझिन तयार होतं. कच्चा माल जहाजातून उतरवायला कंपनीची स्वतःची जेट्टी आहे. देशभरातल्या शेतांत आणि घरांच्या भिंतींत पुरलेल्या पाईपांपैकी कितीतरी पाईप या किनाऱ्यावरच्या पांढऱ्या भुकटीचेच झालेले असतील. आणि त्याच रत्नागिरीत श्रावणातल्या एखाद्या सकाळी सिंकखालच्या फळीवर पाणी साचलेलं दिसलं, की पाईप पंधरा मिनिटांत मिळतो आणि तो जोडणारा माणूस चार दिवस मिळत नाही. फोन उचलला जातो, "येतो हां, उद्या सकाळीच येतो" असं गोड आश्वासनही मिळतं. ती उद्याची सकाळ कोणत्या आठवड्यातली, एवढंच ठरायचं राहिलेलं असतं.

गणपतीच्या आधीचा पंधरवडा तर विचारूच नये. वर्षभर कुलूप असलेली घरं त्या दिवसांत एकदम उघडतात. मुंबई-पुण्याचा चाकरमानी एसटीतून उतरतो, अंगण झाडून होतं आणि मग कळतं की पंप पाणी उचलत नाही, टाकीचा फ्लोट चिकटलाय, फ्लश टँकमधलं रबर कडक झालंय. सगळ्यांना प्लंबर हवा असतो तो एकाच दिवशी. अशा वेळी जो हाती लागेल तो घरात घेतला जातो आणि पुढचं वर्षभर त्याच्या कामाखाली बादली ठेवली जाते.

रत्नागिरीत प्लंबर कमी आहेत असं मात्र नाही. करवतीचं पान, सोल्युशनचा डबा आणि पाईप पाना पिशवीत टाकून फिरणारी माणसं मारुती मंदिरापासून कुवारबावापर्यंत भरपूर आहेत. कठीण झालंय ते त्यांतला जाणकार ओळखणं, आणि याचं एक कारण पाईपातच दडलेलं आहे.

पूर्वी घरातला नळ म्हणजे जीआयचा, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप. तो कापायचा, वाईसमध्ये धरायचा, डाय फिरवून त्याच्यावर आटे पाडायचे, आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा लावायचा आणि चेन पान्याने आवळायचा. डाय तिरकी बसली तर आटे वाकडे यायचे आणि सांधा समोरच गळायचा. अंगात ताकद आणि डोळ्यात माप नसलेल्या माणसाला हे काम जमतच नसे. दोन-चार वर्षं कुणाच्या हाताखाली काढल्याशिवाय कुणी स्वतःला प्लंबर म्हणवत नव्हतं आणि गिऱ्हाईकालाही काम बघून माणूस कळायचा. मग पीव्हीसी आला, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी आला. आता पाईप कापायचा, सोल्युशन लावायचं, फिटिंगमध्ये दाबायचा. शाळकरी पोरगंही एका दुपारी सांधा जोडायला शिकेल. तो सांधा पहिल्या दिवशी चांगल्या सांध्यासारखाच दिसतो आणि त्याची खोड कळते सहा महिन्यांनी, तीही टाइल्सच्या मागे. काम सोपं झालं आणि कामातली चूक लपायला लागली. पूर्वी डायवर होणारी परीक्षा आता घरमालकालाच घ्यावी लागते.

या धंद्याला पिढीजात ओळखही नाही. सुताराचं घर, कुंभारवाडा, सोनारआळी गावाला ठाऊक असते. बारा बलुतेदारांत नळवाला नव्हता, कारण गावात नळच नव्हता. केंद्र सरकारने २०२३ मध्ये पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आणली. तिच्या १८ व्यवसायांत कुलूप दुरुस्त करणारा आहे, हार गुंफणारा माळी आहे, मासेमारीची जाळी विणणारा आहे. प्लंबर नाही. परंपरेच्या व्याख्येत तो बसत नाही हे खरं, पण त्यामुळे या माणसाची नोंद ना जुन्या चौकटीत ना नव्या. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, मात्र घरी येणाऱ्या किती जणांनी तो केलेला असतो? बहुतेकांचं शिक्षण कुठल्यातरी साइटवर, कुणाच्या तरी मागे सामान उचलत झालेलं असतं. देशात एक भाग याला अपवाद म्हणता येईल. ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यात, पट्टामुंडईच्या आसपास, घरोघरी प्लंबर तयार झाले आणि तिथून देशभर गेले. आज तिथे हे काम शिकवणारी सरकारी संस्थाही आहे. आपल्याकडे असं गाव नाही. आपल्याकडे आहे तो शेजारणीने दिलेला मोबाइल नंबर.

तो नंबर लावण्याआधी आपलं घर आणि आपलं पाणी थोडं समजून घ्यायला हवं, कारण रत्नागिरीत प्लंबरची अर्धी कसोटी तिथेच लागते.

शहरात नगर परिषदेचं पाणी येतं ते मुख्यतः शीळ धरणातून. उन्हाळ्यात साठा घटला की पुरवठ्यात कपात होते, म्हणून बहुतेक घरांत एक टाकी जमिनीखाली, एक गच्चीवर आणि मध्ये पंप. परसात विहीर असेल तर तिचा वेगळा पंप आणि वेगळी लाइन. म्हणजे साध्या कौलारू घरातही दोन-दोन पाण्यांची जोडणी असते आणि ती कुठे एकत्र येते हे घरातल्या थोरल्यांनाही धड ठाऊक नसतं. जांभ्यातून झिरपलेलं विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. देशावर गिझरमध्ये चुन्याचा थर बसतो, तसा इथे बसत नाही. पण हेच पाणी लोखंडी पाईप आतून खातं आणि समुद्राची खारी हवा तो बाहेरून खाते. खाडीकाठच्या काही विहिरी मे महिन्यात मचूळ होतात ते वेगळंच. एखाद्या घरात जुना जीआय अजून असेल आणि नळाला सकाळी पहिली दोन मिनिटं तांबूस पाणी येत असेल, तर तिथे नवा नळ बसवून उपयोग नाही. हे न बघता जो नुसता नळ बदलून पैसे घेऊन जातो, त्याला पुन्हा बोलवू नये.

दुसरी गोष्ट भिंतीची. जांभा सच्छिद्र दगड. त्यात कुठेतरी गळणारं पाणी दगडादगडांतून वाट काढत भलत्याच ठिकाणी ओल धरतं. न्हाणीघरातल्या सांध्याचं पाणी माजघराच्या कोपऱ्यात दिसू शकतं. त्यातून इथला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. श्रावणात भिंत ओली झाली तर दोष नळाचा की पावसाचा? जाणता प्लंबर आधी विचारतो, "ही ओल मे महिन्यात होती का?" उन्हाळ्यातही ओल होती तर पाईप संशयित, नुसती पावसात येते तर गिलावा, गच्ची किंवा पन्हळ. मग तो सगळे नळ बंद करायला लावतो आणि पाण्याच्या मीटरकडे बघत बसतो. मीटरचा काटा हलत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी गळती आहे. गच्चीवरच्या टाकीच्या लाइनला मीटर नसतं. तिथे टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर रात्री खडूने रेघ मारायची आणि सकाळपर्यंत कुणी पाणी वापरायचं नाही. या दोन चाचण्यांना एक पैसा लागत नाही. त्या न करताच जो छिन्नी-हातोडा मागतो, तो पावसाची ओल शोधण्यासाठी तुमचं न्हाणीघर उखडून ठेवील.

चांगल्या डॉक्टरासारखा चांगला प्लंबरही हत्यार काढण्याआधी प्रश्न विचारतो, असा माझा सरळ निकष आहे. पाणी नगरपालिकेचं की विहिरीचं? कधीपासून होतंय? एकाच नळाला की सगळ्यांना? टाकी किती उंचावर आहे? "शॉवरला फोर्स नाही" ही तक्रार घ्या. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याला साधारण एक किलोचा दाब मिळतो. कौलारू घरावर लोखंडी सांगाड्यात ठेवलेली टाकी शॉवरपासून जेमतेम दोन-तीन मीटर वर असते, म्हणजे दाब पाव किलोच्या आसपास. तेवढ्या दाबात हॉटेलातला शॉवर मिळणार नाही, हे प्रामाणिक माणूस आधीच सांगेल. पण त्याआधी तो शॉवरची जाळी काढून झटकून बघेल, कारण पुष्कळदा त्यात टाकीतला गाळ अडकलेला असतो. दुसरा एक प्रकार दारातूनच सांगतो, "प्रेशर पंप बसवूया." पंप बसतो, त्याचा आवाज घरभर घुमतो आणि जुने सांधे एकेक करून ठिबकायला लागतात.

फोनवर माणूस कळत नाही. म्हणून नवं न्हाणीघर बांधायला काढण्याआधी, अडचण नसताना, त्याला एखादं लहान काम द्यावं. एक अँगल कॉक बदलायचा, एवढंच. आणि जवळ उभं राहून बघावं. याला अविश्वास म्हणू नये. कामाची माहिती असलेला कारागीर प्रेक्षकाला घाबरत नाही, उलट खुलतो. तो आधी लाइनचा कॉक बंद करतो, मग खालचा नळ उघडून पाईपातलं पाणी काढून टाकतो, खाली बादली सरकवतो. जुन्या आट्यांतला टेपचा चोथा टोकाने उकरून साफ करतो. टेफलॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळतो, म्हणजे आवळताना ती उलगडत नाही. प्लास्टिकच्या फिटिंगवर पाना मारताना त्याचा हात हलका असतो, कारण जास्त आवळलं की प्लास्टिक टिचतं. पितळी नळ सीपीव्हीसीला जोडायचा असेल तर पितळी आट्यांचं फिटिंग घालतो. पाणी सुरू केल्यावर लगेच पिशवी भरत नाही. सांधा फडक्याने कोरडा करतो, पाच-दहा मिनिटं थांबतो आणि मग कोरडं बोट किंवा कागदाचा तुकडा सांध्याखाली फिरवतो.

पाईप जोडायचा असेल तर आणखी बघण्यासारखं असतं. पाईप काटकोनात कापला का, कापल्यावर आतली-बाहेरची कड घासली का, पुसून कोरडा केला का, सोल्युशन पाईपाला आणि फिटिंगला दोन्हीकडे लावलं का, दाबताना थोडा पीळ दिला का आणि काही सेकंद धरून ठेवला का. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो पाणी केव्हा सोडतो. सोल्युशन सुकायला वेळ लागतो, पावसाळी दमट हवेत जास्तच. पूर्ण दाब द्यायला बहुतेक ठिकाणी रात्र जाऊ द्यावी लागते. "अर्ध्या तासात सोडा पाणी, काही होत नाही" असं म्हणणारा माणूस पुढच्या आषाढात तुमच्या घरी परत येणार आहे, किंवा मुळीच येणार नाही.

ठिबकणाऱ्या नळाकडे लोक दुर्लक्ष करतात म्हणून जाता जाता एक हिशोब. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर पाणी गेलं, म्हणजे वर्षाला दीड हजार लिटरहून जास्त. मे महिन्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाडीत हे सांगायला जाऊ नये, मार बसेल.

आता परवान्याचं. नगर परिषदांकडून प्लंबरला परवाना मिळतो. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली नागरी सेवांची जी यादी आहे, तीत नवीन नळजोडणीबरोबर प्लंबर परवाना देणं आणि त्याचं नूतनीकरण करणं याही सेवा आहेत. रस्त्यातल्या मुख्य वाहिनीपासून मीटरपर्यंतच्या कामाला परवानाधारक माणूसच घ्यावा आणि परवाना चालू मुदतीचा आहे का ते विचारावं. हा प्रश्न विचारायला आपण उगाच लाजतो. घराच्या आतल्या कामाला मात्र परवाना ही पुरेशी खूण नाही. त्यावरून माणूस कागदोपत्री सापडेल, एवढी खात्री मिळते. त्याचा हात कसा आहे, ते परवान्यावर लिहिलेलं नसतं.

त्यापेक्षा नेमकी एक परीक्षा आहे आणि ती पाणीकपातीच्या दिवसांत आपोआप होते. नळाला पाणी कमी येतंय अशी तक्रार केली की काही जण हळूच सुचवतात, "लाइनलाच मोटर लावून देऊ का?" नगरपालिकेच्या वाहिनीला थेट पंप जोडणं बेकायदा आहे हे दोघांनाही माहीत असतं. त्याने शेजारच्या चार घरांचं पाणी ओढलं जातं. शिवाय वाहिनीत उणा दाब तयार झाला की तिच्या फटींतून गटाराचं पाणी आत खेचलं जातं आणि तेच आपल्या टाकीत येतं. ही मोटर जो बसवून देतो, तो उद्या तुमच्या शेजाऱ्यालाही तुमच्यापेक्षा मोठी मोटर बसवून देईल. जो म्हणतो, "खाली टाकी घ्या, तिच्यात पाणी येऊ दे, मग पंपाने वर चढवा", त्याचा नंबर जपून ठेवावा. पहिल्याच भेटीत माणसाची कारागिरी आणि नियत, दोन्ही कळायची अशी संधी फार धंद्यांत मिळत नाही.

नाव कुणाकडून घ्यावं? हार्डवेअरच्या दुकानदाराकडे नावं असतात, पण तिथे सामानावरच्या कमिशनची गाठ असू शकते. कमिशन घेणं हा गुन्हा नाही. इथल्या मजुरीत ते धरलेलंच असतं असं म्हणायलाही हरकत नाही. मात्र त्यामुळे सामान कुणी आणायचं हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. माझं मत असं की यादी प्लंबरने लिहून द्यावी, सामान आपण आणावं आणि बिल आपल्या नावाने घ्यावं. आणताना पाईपावरचा छापा वाचावा. पिण्याच्या पाण्याच्या यूपीव्हीसी पाईपाला आयएस ४९८५, सीपीव्हीसीला आयएस १५७७८, सांडपाण्याच्या पाईपाला आयएस १३५९२ आणि प्लास्टिकच्या टाकीला आयएस १२७०१ हे भारतीय मानक लागू आहे. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. आमच्या भागातली खास खोड म्हणजे बागेतला उरलेला शेतीचा राखाडी पाईप घराच्या लाइनला लावून टाकणं. हापूसच्या कलमांना तो ठीक आहे, गिझरच्या गरम पाण्याला नाही. गच्चीवर उघड्यावर पाईप टाकला असेल तर तो झाकायला किंवा रंगवायला सांगावं. ऊन त्याला ठिसूळ करतं आणि उरलेलं काम माकडं करतात. माकडांनी वाकवलेले पाईप आणि उडवलेली टाक्यांची झाकणं हा इथल्या प्लंबरचा बारमाही धंदा आहे, त्यावर कुठल्याच कंपनीची गॅरंटी चालत नाही.

गवंड्याने सुचवलेला माणूस नव्या कामाला चांगला, कारण दोघांचं जमलेलं असतं. दुरुस्तीला मात्र तो कंटाळतो. एका नळासाठी अर्धा दिवस घालवण्यापेक्षा अख्ख्या इमारतीचं उक्तं काम त्याला परवडतं. म्हणून लहान दुरुस्तीसाठी शेजारपाजारचाच माणूस बरा, आणि त्याच्याबद्दल शेजाऱ्याला विचारायचा प्रश्न "काम चांगलं करतो का?" हा नव्हे. त्याचं उत्तर कुणीही "बरंय" असंच देतो. विचारावं असं: "काम बिघडल्यावर बोलावलं तेव्हा आला होता का? आणि पैसे मागितले का?" चूक प्रत्येक कारागिराच्या हातून होते. परत येणारा माणूस तिथे वेगळा ओळखू येतो.

मजुरी ठरवताना हजेरी की उक्तं, हे कामावरून ठरवावं. गळती शोधायची असेल तर हजेरीवर द्यावं, कारण घाईत गळती सापडत नाही. न्हाणीघराचं ठरावीक काम असेल तर पॉइंटवर किंवा उक्तं. इसार द्यावा, पण सगळ्या सामानाचे पैसे आधी देऊन बसू नये आणि शेवटचा हप्ता पाणी सुरू होऊन दोन दिवस गेल्यावर द्यावा.

मोठं काम असेल तर एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी: कुठला पाईप, किती पॉइंट, किती दिवस, फोडलेली भिंत कोण बुजवणार. भांडणं बहुतेक या शेवटच्या मुद्द्यावरच होतात. टाइल्स लागण्याआधी लाइनमध्ये दाब भरून ती एक रात्र तशीच ठेवायला सांगावी आणि भिंतीतल्या सगळ्या पाईपांचे, शेजारी मापाची पट्टी धरून, मोबाइलवर फोटो काढावेत. चार वर्षांनी टॉवेलची दांडी बसवायला कुणी ड्रिल घेऊन आला की या फोटोंची किंमत कळते. सांडपाण्याच्या पाईपाचा उतार पाण्याची बादली ओतून बघावा. नहाणी ट्रॅपमध्ये पाणी थांबतं का आणि वेंट पाईप छपराच्या वर नेलाय का, तेही बघावं. वेंट टाळून पाईपाचे पैसे वाचवले, तर पुढे न्हाणीघरातल्या वासाचं कारण कुणालाच सापडत नाही.

इतकं करूनही फसवणूक झालीच तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सेवेतल्या त्रुटीलाही लागू आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. जिल्हा आयोगापुढे पाच लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. पण बिल आणि तो सहीचा कागद नसेल तर आयोगही काय करणार? आणि आठशे रुपयांच्या कामासाठी कुणी वकील गाठत नाही, हे मी आणि तुम्ही आणि तो प्लंबर, तिघेही जाणतो.

एका कामाबद्दल मात्र कागद-बिगद, ओळख-पाळख काही चालत नाही. रत्नागिरीत बहुतेक घरांना सेप्टिक टँक आहे. तो तुंबला की घाईघाईत प्लंबरला बोलावलं जातं, आणि एखादा गरजू पोरगा चार पैशांसाठी आत उतरायला तयारही होतो. त्याला उतरवू नये. टाकीतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेल्या दुसऱ्यालाही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असं कुणाला उतरवणं गुन्हा आहे. उपसायला यंत्राचं वाहनच बोलवावं. "मी उतरतो" म्हणणारा प्लंबर धाडसी नव्हे, अडलेला असतो, आणि त्या अडचणीचा फायदा घेणारे आपण असतो. याच टाकीला जोडून विहिरीचाही विचार करायला हवा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर लांब असावा असं भारतीय मानक सांगतं, आणि भेगाळ जांभ्यात तेवढंही कमी पडू शकतं. लहान आवारात ही जागा सापडत नाही म्हणून खड्डा विहिरीजवळ सरकवला जातो. जो कारागीर या ठिकाणी "इथे नको, साहेब" म्हणून काम नाकारतो, त्याचं एका दिवसाचं उत्पन्न बुडतं. घरमालक त्याला आखडू समजतो आणि दुसऱ्याला बोलावतो.

निवड दोन्ही बाजूंनी होते, हे आपण विसरतो. काम जास्त आणि जाणती माणसं थोडी, अशा गावात चांगला प्लंबरही गिऱ्हाईक निवडतो. कुणाच्या फोनला आधी जायचं, कुणाला "उद्या येतो" सांगायचं, याची यादी त्याच्या डोक्यात पक्की असते. ठरलेल्या मजुरीत काम झाल्यावर पन्नास-शंभर कापणारा, तिघांना फोन करून चौथ्यालाच बोलावणारा, इंटरनेटवर बघून पाना कसा धरावा ते शिकवणारा, ही माणसं त्या यादीत तळाला असतात. त्याच दिवशी पैसे देणारा वर असतो. वयाने मोठ्या कारागिराला "ए प्लंबर" न म्हणता तात्या किंवा मामा म्हणणारं घर वर असतं. आणि गणपतीच्या गर्दीत नव्हे तर कार्तिक-मार्गशीर्षात, त्याला सवड असताना, जुने व्हॉल्व्ह बदलून घेणारं घर सगळ्यांत वर असतं. जल जीवन मिशनमुळे वाडीवाडीत नळ गेले, गावच्या नळयोजना सांभाळायला नल जल मित्र नावाने स्थानिक माणसं तयार करायचा सरकारी कार्यक्रमही आला. त्यातून चार हात वाढतील. पण हाताखाली शिकायला आलेलं पोरगं दोन वर्षांत मुंबई-पुण्याची वाट धरतं, हे इथल्या प्रत्येक जुन्या कारागिराचं दुखणं आहे.

आणि बंद घरांचं काय? कोकणात प्लंबरवरच्या विश्वासाची शेवटची पायरी म्हणजे त्याच्याकडे घराची किल्ली ठेवणं. मालक डोंबिवलीला, घर गावाला. चतुर्थीच्या आठ दिवस आधी प्लंबरने जाऊन पंप प्राइम करायचा, विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का बघायचं, टाकी धुवायची, सगळे नळ उघडून साचलेलं पाणी वाहू द्यायचं. अनेक घरं हे असंच चालवतात आणि फारसं कुठे बिघडत नाही. मात्र निघताना मालकानेही थोडं काम करावं. मुख्य कॉक बंद करावा, टाकी रिकामी करावी, पंपाचा आणि गिझरचा मेन स्विच पाडावा. कुठला कॉक कुठल्या लाइनचा, ते रंगाने कॉकवरच लिहावं. मीटरचा आकडा फोनमध्ये टिपून ठेवावा. आणि पंपाच्या खोलीची किल्ली वेगळ्या जुडग्यात द्यावी, म्हणजे पंप सुरू करायला आलेल्या माणसाला माजघर उघडावं लागत नाही.